ओकच्या फळ्या

स्तारी ग्राबिक, ३ सप्टेंबर

प्रिय तोंका,

तुझ्या मनासारखं झालं एकदाचं. माझ्या भावाचा मारियान माणसं घेऊन आला आणि तुझ्या भावानं, स्तिपाननं, डुकरांच्या गोठ्यात बसवलेल्या ओकच्या फळ्या उखडून परसातल्या तुतीखाली रचून ठेवल्या. आता तिथे सिमेंटच्या पट्ट्या आहेत. पट्टी, फट, पट्टी, फट. घाण फटीतून खालच्या खड्ड्यात जाते, वरून पाइपनं पाणी मारलं की झालं. उन्हाळ्यात तूच लिहिलं होतंस ना, "वहिनी, या वयात काड उपसत बसू नकोस, कंबर धरेल." घे, आता नाही उपसत.

मारियानला मी नावं ठेवत नाही. पोरगा चांगला आहे. गेल्या हिवाळ्यात लांब दांड्याच्या काट्यानं काड ओढताना मी वाकले ती वाकलेलीच राहिले, तेव्हा त्यानंच मला उचलून आत नेलं. तेव्हाच त्यानं बजावलं, "आत्या, एक तर जमीन बदलू, नाहीतर डुकरिणी विकून टाकू." डुकरिणी विकल्या तर मी सकाळी उठायचं कशाला, ते मला सांग. स्तिपान गेल्यापासून या अंगणात माझ्या आवाजाला ओ देणारं दुसरं आहे कोण? शेजारची दोन्ही घरं बंद आहेत. त्यांची माणसं तुझ्यासारखीच तिकडे जर्मनीत.

एक मात्र आहे. काड टाकायचं नाही म्हणतो. फटी तुंबतात, खड्डा भरतो. पहिल्या दिवशी सगळ्या डुकरिणी दारातच उभ्या राहिल्या, आत पाऊल घालेनात. सेकानं नाक खाली लावून फटीचा वास घेतला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वेडी झाले आहे. शेवटी मागून ढकललं तेव्हा भिंतीला अंग घासत घासत आत गेली.

दुपारी काय करावं ते कळत नाही. त्या वेळी मी काड बदलायचे. आता खिडकीत बसते. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं हे तुला माहीत आहे, तेव्हा आळस करू नकोस, लिही.

तुझी वहिनी,
रेझा

*

उल्म, २१ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून हसले. सेका तशी पाहणारच. दादानं तिला माझं घरातलं लाडाचं नाव उगाच नाही दिलं. "आमची सेका जशी जेवणाला नाक मुरडायची तशीच ही," असं सगळ्या गावात सांगत फिरायचा. लोकांच्या बहिणींची नावं होड्यांना देतात, माझं डुकरिणीला.

झालं ते उत्तम झालं. इथे सगळीकडे असंच असतं, धुतलं की स्वच्छ. डुकरांना सवय होईल. माणसाला होते, तर त्यांना का नाही होणार?

पाकिटावरचा पत्ता पाहिलास का? मी जागा बदलली. जुना फ्लॅट फार मोठा होता, एकटीला झाडत बसावं लागायचं. ही खोली छान आहे, खाली बाग आहे, आणि फरशी इतकी चकचकीत की केस विंचरायला आरसा नको. लेकानं, रॉबीनं, पाहून दिली. तो दर रविवारी येतो, म्हणजे आला असता, पण त्याची कामावरची पाळी बदलली आहे.

माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त संध्याकाळचा चहा सोडला. झोप येत नाही त्यानं.

परसातल्या तुतीला यंदा पांढरी लागली होती की काळी? मला आठवेना, म्हणून विचारते.

तुझी,
तोंका

*

स्तारी ग्राबिक, १९ ऑक्टोबर

प्रिय तोंका,

तुती पांढरी आहे. तू लहानपणी त्यावरून पडली होतीस आणि दोष माझ्या नवऱ्याला दिला होतास. ते बरं विसरलीस.

चहा सोडलास? तू? तुझ्या आईच्या मयताच्या दिवशीही तू आधी किटली मागितली होतीस. असो, तुमच्याकडचे डॉक्टर काय सांगतील ते खरं.

इकडे बरं नाही. सेकाचा मागचा खूर फटीत अडकला आणि तिनं झटका देऊन काढला तेव्हा नख फाटलं. आता लंगडते. इतर जणी तरी धडधाकट आहेत, त्या निभावतात, पण ही वयानं थोर आणि अंगानं रोड. तशात गाभण. हाडावर मांस नाही आणि खाली सिमेंट, त्यामुळे एका खांद्याच्या फऱ्यावर जखम झाली आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होते तशी. मी वाकून मलम लावते. ती हलत नाही, फक्त डोळा फिरवून बघते.

तिला उठायला जड जातं, म्हणून ती कुत्र्यासारखी पुढचे पाय टेकून मागच्या अंगावर बसून राहते. आडवं व्हायचं ठरवायला तिला किती वेळ लागतो म्हणून सांगू. गुडघे वाकवते, पुन्हा सरळ होते, पुन्हा वाकवते. मग एकदम धप्पकन पडते. ते ऐकलं की माझ्याच हाडांत कळ येते. पूर्वी काडावर कशी लोळायची, आठवतं? एखाद्या धनिणीसारखी.

जनावरांची डॉक्टरीण आली होती, व्हिन्कोव्त्सी शहरातली, तरुण आहे. तिनं खूर कापला, औषध दिलं आणि म्हणाली, "आजी, हिला मऊ आणि कोरडं लागेल. निदान रबराची चटई घाला, नाहीतर काड. ओल्या सिमेंटवर हा पाय बरा व्हायचा नाही." मी मारियानला सांगितलं. तो म्हणाला, चटई मागवतो, पण मनातून त्याचं दुसरंच आहे. थंडी पडली की आमच्याकडे डुक्करकापणी, आणि लंगडी, म्हातारी डुकरीण पुढच्या वर्षापर्यंत कोण ठेवतं? "आत्या, पिल्लं झाली की हिला सॉसेजमध्ये घालू," म्हणतो. चांगल्या मनानं म्हणतो गं. तिचे हाल त्यालाही बघवत नाहीत.

मला मात्र वाटतं, हाल जमिनीनं केले आणि शिक्षा तिला.

तुझी,
रेझा

*

उल्म, ५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

थोडकंच लिहिते, हात दुखतो.

सेकाला कापू देऊ नकोस. मारियानला सांग, मी म्हटलं म्हणून.

मला काही गोष्टी कळव. ती एकदा घसरून पडली की नंतर तिला भीती वाटते का? की जनावर विसरून जातं? भिंतीला धरूनच चालते का अजून? बाकीच्या तिला तुडवतात का, की बाजूला होतात? आणि मऊ काही मिळालं तर तिचं पाऊल पुन्हा पहिल्यासारखं पडेल, असं डॉक्टरीण म्हणाली का? की आता जे आहे तेच राहणार?

मी सहज विचारते. इथे बोलायला विषय लागतो.

बाग छान आहे. अजून खाली गेले नाही, पाऊस असतो.

तोंका

*

स्तारी ग्राबिक, २८ नोव्हेंबर

प्रिय तोंका,

काय गं, डुकरांची इतकी चौकशी? इथे होतीस तेव्हा गोठ्याजवळून जाताना नाकाला रुमाल लावायचीस.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. भीती वाटते. जनावर विसरत नाही. जिथे पडली त्या जागेला ती वळसा घालते, कोरडी असली तरी. भिंत सोडत नाही. बाकीच्या तिला खाण्यापासून हुसकतात, म्हणून मी तिला वेगळ्या कप्प्यात घेतली आहे. वेगळी घेतली म्हणून तुडवली जात नाही, पण एकटी पडली. त्यातलं कोणतं वाईट ते मला ठरवता आलं नाही. पाऊल बरं होईल का, याला डॉक्टरीण म्हणाली, जखम भरेल, खूर वाढेल, धीर परत येतो का ते बघावं लागेल.

कापणी झाली. मारियान, त्याचे मित्र, त्यांच्या बायका, सगळे आले होते. आलुबुखाराची दारू झाली, रात्रभर भिजवलेली लसूण झाली, कुलेनचं जाड सॉसेज भरून झालं, अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एक खच्ची केलेला डुक्कर कापला. सेकाला नाही. मारियान सुरी घेऊन दारात आला, तेव्हा मी कप्प्याच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "आत्या, तू तरी आत जा, गारठशील." आणि परत गेला. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी गेले. तेवढी भांडी घासताना मला रडू आलं, का ते विचारू नकोस. घर भरून रिकामं होतं तेव्हा ते आधीपेक्षा जास्त रिकामं होतं.

आता एक नवीन. सेका पाणी पीत नाही. पाण्याची नळी समोरच्या भिंतीला आहे, दोन-चार पावलांवर. मला वाटलं नळी बिघडली. डॉक्टरिणीला विचारलं तर ती म्हणाली, असं होतं, उठायला लागू नये म्हणून त्या पिणंच कमी करतात, उठायचं म्हणजे घसरायचं. मग लघवीचा त्रास सुरू होतो. आता मी भांड्यानं पाजते. माझ्या हातून पिते लबाड, अगदी चाटूनपुसून.

चटई अजून आली नाही. नाताळच्या सुमारास सेका विणार.

तुझी,
रेझा

*

उल्म, १३ डिसेंबर

प्रिय वहिनी,

तुला आणि गावातल्या सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. दादाच्या कबरीवर माझ्यातर्फे मेणबत्ती लाव.

आता काही दिवस माझं पत्र आलं नाही तर काळजी करू नकोस. रॉबी मला कुठेतरी हवापालटाला नेणार म्हणतो.

यंदा नाताळच्या रीतीप्रमाणे तू घरात काड पसरणार आहेस का? दादा कसा दारात उभा राहून पाठीवरचा भारा दाखवायचा आणि आम्ही पोरं आतून ओरडायचो. त्यावर झोपलं की सकाळपर्यंत केसांत गवत. मला यंदा ते फार आठवतं. आमच्या खोलीत नाताळचं छोटं झाड ठेवलं आहे, प्लास्टिकचं. त्याचं काही गळत नाही, म्हणून सगळ्यांना आवडतं.

तोंका

*

स्तारी ग्राबिक, २६ डिसेंबर

तोंका,

"आमच्या खोलीत" लिहिलंस. तू एकटी राहतेस ना? असू दे, त्यावर मग येते. आधी इकडचं ऐक.

नाताळच्या आदल्या दिवशी मारियाननं रीत म्हणून काडाचा भारा आणून दिला. अंधार पडायला लागला तशी मी एकटीनं तो घरात पसरला. टेबलाखाली, टेबलावर चादरीच्या आत, चुलीपासून पलंगापर्यंत. एरवी पुरुषानं आणायचा असतो आणि दारात उभं राहून शुभ बोलायचं असतं. मीच दाराबाहेर गेले, मीच बोलले, आणि आत येऊन मीच "तुमच्यावरही कृपा असो" म्हटलं. स्वतःलाच हसू आलं. कॉड मासा, बीन्स, स्तिपानची थाळी, माझी थाळी. तुझीही मांडली, दर वर्षी मांडते. तेवढ्यात मला गोठ्यातून आवाज आला.

कंदील घेऊन गेले तर सेका उभी होती. आपणहून उभी. आणि पुढच्या पायानं सिमेंट खरवडत होती. विण्याआधी त्या घरटं करतात, तुला माहीत आहे, तोंडानं काड ओढून ओढून रचतात. तिला काहीच नव्हतं. ती नुसतीच खरवडायची, मग तोंडात काही धरल्यासारखं करून कोपऱ्यात न्यायची, ठेवायची, पुन्हा यायची. तोंडात काही नसायचं. लंगड्या पायानं, त्या फटींवरून, इतके दिवस जिनं पाण्यासाठी दोन पावलं टाकली नाहीत ती. मी बघत उभी राहिले आणि मला सहन होईना.

मी घरात आले आणि नाताळचं सगळं काड गोळा केलं. टेबलाखालचं, चादरीतलं, सगळं. देवाला सांगितलं, तुझाही जन्म असल्याच ठिकाणी झाला, तू मला समजून घे. दोन खेपा केल्या. सेकानं आधी वास घेतला. मग जी लागली कामाला, तोंड भरभरून ओढत होती. कोपऱ्यात असं घरटं केलं की स्तिपान असता तर त्यानं टोपी काढली असती. मग हळूच गुडघे वाकवले आणि निजली. धप्पकन नाही. हळूच.

सकाळी चर्चच्या घंटा झाल्या तेव्हा पिल्लं रांगेनं पीत होती. एक दगावलं, बाकीची गुटगुटीत आहेत.

फटी तुंबल्या अर्थातच. काल मारियान आला, ते बघून खूप बडबडला, आता पंप लावावा लागेल, सगळं उघडावं लागेल. मी म्हटलं, लाव. मग तो कप्प्यात वाकला, सेकाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि बाहेर गेला. मला वाटलं रागावून गेला. तर तुतीखालून ओकच्या फळ्या खांद्यावर घेऊन येत होता. सेकाच्या कप्प्यात पट्ट्यांवर त्या ठोकून बसवल्या, मागच्या बाजूला उतार ठेवला. त्यावर काड. "बाकीच्यांचं चटई आल्यावर बघू," म्हणाला. "आणि हा कप्पा मी येऊन साफ करीन. तू काटा हातात धरलास तर फळ्या परत नेईन." मग दारू पिऊन गेला.

आता तुझं. सेकाला पाणी पाजताना परवा माझ्या डोक्यात एकदम आलं. जी बाई झोपायच्या आधी किटलीभर चहा प्यायची आणि घोरायची, तिला चहानं झोप येत नाही? तू संध्याकाळी पीत नाहीस, कारण प्यायलं की उठावं लागतं, आणि ती तुझी चकचकीत फरशी ओलांडावी लागते. बागेत गेली नाहीस. भिंतीला धरून चालते का, ते मला विचारतेस. तोंका, तू कधी पडलीस? आणि कुठे आहेस?

मला खोटं लिहू नकोस. मी डुकरिणींमध्ये राहते, मला लंगडणं ओळखता येतं.

तुझी खोली अजून आहे. मागची, परसाकडची. तिची जमीनही ओकचीच आहे, ती कुणी उखडली नाही. पलंगाशेजारची तुझ्या आईनं विणलेली चिंध्यांची सतरंजी तुला पाठवते आहे, ती पायाखाली घाल. झटकली नाही, नाताळचं काड त्यात अडकलं आहे.

बस जर्मनीहून अजूनही येते. मारियान घ्यायला येईल.

तुझी वहिनी,
रेझा

*

उल्म, २२ जानेवारी

वहिनी,

ऑगस्टमध्ये पडले. न्हाणीघरात. खुबा मोडला, आत लोखंड घातलं आहे. सकाळी पडले ती दुसऱ्या दिवशी शेजारणीनं दार ठोठावलं तोपर्यंत तिथेच होते. मग रॉबीनं इथे आणलं. हे म्हाताऱ्यांचं घर आहे. खोलीत माझ्याबरोबर एक बाई आहे, ती भिंतीशी बोलते. रॉबी सप्टेंबरमध्ये येऊन गेला. हवापालट वगैरे काही नव्हतं, मला पेन धरवत नव्हतं.

तुला सांगितलं नाही, कारण तूही एकटी आणि मीही एकटी, आणि निदान एकीनं तरी दुसरीचं बरं चाललं आहे असं समजावं, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तू सेकाबद्दल लिहायचीस तेव्हा मला बरं वाटायचं. इथे कागदावर माझ्याबद्दल लिहितात, किती खाल्लं, किती वेळा उठवलं. माझ्या पडण्यानं कुणाच्या हाडांत कळ येते, असं कुणी लिहीत नाही.

सतरंजी पोचली. नाकाला लावली. मग इथल्या मोठ्या बाईंनी ती उचलली, सतरंज्या चालत नाहीत, पाय अडकून माणूस पडतं म्हणे. नियम आहे. मी जर्मनमध्ये भांडले, जमेना, मग आपल्या भाषेत भांडले. तेव्हा फरशी पुसायला येते ती सेनादा, बोस्नियाची, तिला आपली भाषा कळते, हसायला लागली. दुपारी काम संपवून कात्री, सुई आणि जाड दोरा घेऊन आली. म्हणाली, "आजी, सतरंजी चालत नाही, सपाता तर चालतात ना." माझ्या सपातांचं माप घेऊन तिनं आईच्या सतरंजीचे तळवे कापले आणि सपातांना खालून शिवले. कापताना मला वाईट वाटलं. पण तळवा असा खरखरीत झाला आहे की फरशीला धरून राहतो. डाव्या टाचेखाली एक काडी आहे, टोचते. सेनादा काढत होती, मी काढू दिली नाही.

डॉक्टर म्हणतात, बसचा प्रवास इतक्यात नाही, उन्हाळ्यात बघू. उन्हाळ्यात म्हणजे तुती पिकेल तेव्हा. मी रॉबीला विचारणार नाही, कळवणार आहे. मारियानला म्हणावं, माझ्या खोलीच्या फळ्यांना हात लावायचा नाही.

काल जेवणानंतर सपाता घातल्या आणि उठले. भिंत सोडली. मधल्या टेबलापर्यंत गेले, तिथे किटली असते. दोन कप चहा प्यायले. रात्री उठावं लागलं, तेव्हा उठले.

सेकाला सांग.

तोंका